शाळेत उतरलेला घुमट: फिरत्या तारांगणाच्या सेवेचे परीक्षण

माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांसाठी फिरते तारांगण बोलवावे का, असे कोणी विचारले तर मी होकारच देईन. मात्र त्या कार्यक्रमाचा निम्मा भाग वगळायला सांगेन, आणि गंमत अशी की सेवा देणारी मंडळी नेमका तोच निम्मा भाग सर्वांत कौतुकाने पुढे करतात. चौदा ते सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही घेतलेल्या अशा एका सेवेचे हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला दिसलेले गुणदोष एका संस्थेपेक्षा या प्रकारच्या कार्यक्रमाच्या रचनेतच अधिक आहेत.

सेवेत मिळते ते असे: सुमारे पाच मीटर व्यासाचा, पंख्याने हवा भरून उभा राहणारा कापडी घुमट, मध्यभागी मत्स्यनेत्र भिंग बसवलेला प्रोजेक्टर, त्याला जोडलेला लॅपटॉप, ध्वनिवर्धक, आणि हे सगळे चालवणारी एक निवेदिका. एका गटात तीसच्या आसपास मुले जमिनीवर गोलाकार बसतात. पाऊण तासाच्या सत्रात आधी पंचवीस मिनिटांचा तयार चित्रपट असतो आणि उरलेल्या वेळात निवेदिका संगणकावरचे आकाश थेट चालवून दाखवते. सभागृहाची उंची पुरेशी असली आणि जमीन सपाट असली की घुमट उभा राहायला फार वेळ लागत नाही. पंखा मात्र सत्रभर चालूच ठेवावा लागतो, त्याचा घरघराट अजिबात थांबत नाही, आणि त्यामुळे पंख्याच्या बाजूला बसलेल्या मुलांना निवेदन तुटक ऐकू येते. निवेदिकेला गळ्यातला मायक्रोफोन दिला तर हा त्रास बराच कमी होतो. तो आम्हाला मागून घ्यावा लागला.

चित्रपटाविषयी आधी बोलतो, कारण माझी मुख्य तक्रार त्याच्याविषयी आहे. विश्वाच्या जन्मापासून सुरुवात, मग दीर्घिका, कृष्णविवर, शनीच्या कड्यांमधून भरारी, मंगळावरच्या दऱ्या आणि शेवटी निळी पृथ्वी, असा त्याचा प्रवास आहे. चित्रे देखणी आहेत, संगीत भारदस्त आहे, आणि पहिल्या पाच मिनिटांत मुलांच्या तोंडून ‘ओहो’ निघते हेही खरे. परंतु अशा वयाच्या मुलांनी ही चित्रे मोबाइलवर आधीच पाहिलेली असतात. घुमटात ती मोठी झाली एवढाच फरक. कॅमेरा सतत उडत असल्यामुळे पाहणारा कोठे उभा आहे, उत्तर कोणती, क्षितिज कोणते, याला काही अर्थच उरत नाही. मधेच थांबवून प्रश्न विचारण्याची सोय नाही. चित्रपट संपल्यावर मुलांना काय लक्षात राहिले असे विचारले तेव्हा ‘कृष्णविवर भारी होते’ याच्या पलीकडे फारसे काही हाती लागले नाही.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे चित्रपटात एक चूक अगदी ठसठशीतपणे शिकवली जाते. लघुग्रहांच्या पट्ट्यातून जाताना खडकांची इतकी दाटी दाखवली आहे की यान डावीकडे-उजवीकडे वळत त्यांना चुकवत जाते. प्रत्यक्षात त्या पट्ट्यातल्या मोठ्या खडकांमधले अंतर लाखो किलोमीटरचे असते, आणि म्हणूनच अनेक अंतराळयाने त्यातून विनाअडथळा पलीकडे गेली आहेत. पाठ्यपुस्तकात अंतराळातल्या अंतरांचा धडा शिकवायचा आणि घुमटात तो पुसून टाकायचा, हा व्यवहार शिक्षकाला परवडणारा नाही. घुमटात डोळ्यांसमोर जे दिसते त्याचा ठसा वर्गातल्या शब्दांपेक्षा खोल उमटतो, आणि तो चुकीच्या बाबतीतही तितकाच खोल उमटतो.

तारांगणाचे यंत्र मुळात कशासाठी तयार झाले, हे या संदर्भात आठवण्यासारखे आहे. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमचे संस्थापक ऑस्कर फॉन मिलर यांना लोकांना आकाशाची गती दाखवायची होती, आणि त्यांच्या मागणीवरून कार्ल झाइस कंपनीतील अभियंता वॉल्टर बाउअर्सफेल्ड यांनी प्रकाशाचे ठिपके घुमटावर फेकणारा प्रक्षेपक घडवला. १९२३ मध्ये त्याचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्या पहिल्या यंत्रात सुमारे ४,५०० तारे होते, आणि ते केवळ म्युनिकच्या अक्षांशावरून दिसणारे आकाश दाखवू शकत असे. त्यानंतरच्या रचनेत उत्तर आणि दक्षिण गोलार्धांसाठी दोन गोळे बसवले गेले, ताऱ्यांची संख्या सुमारे दुप्पट झाली आणि पृथ्वीवरच्या कोणत्याही अक्षांशाचे आकाश दाखवणे शक्य झाले. थोडक्यात, पाहणारा माणूस जमिनीवर एका जागी उभा आहे आणि आकाश त्याच्याभोवती फिरते आहे, ही या यंत्राची मूळ भूमिका. पहिली मोठी सुधारणा झाली ती त्या माणसाची जागा बदलता यावी म्हणून. १९४७ मध्ये आर्मांड स्पिट्झ यांनी बारा पृष्ठांच्या भौमितिक आकाराचा स्वस्त प्रक्षेपक आणला, तेव्हा हे यंत्र शाळांच्या आवाक्यात येऊ लागले. पुढे १९८३ मध्ये संगणकावर चालणारी पहिली डिजिटल तारांगण प्रणाली बसवली गेली आणि प्रेक्षकाला पृथ्वी सोडून ताऱ्यांमधून फिरवून आणणे साध्य झाले. ही शक्ती मोलाची आहे, याबद्दल वाद नाही. पण आमच्या सत्रात तिच्या मोहापायी पंचवीस मिनिटे खर्ची पडली आणि यंत्राच्या मूळ कामाला वीसच उरली.

ती वीस मिनिटे मात्र उत्तम होती.

निवेदिकेने सूर्यास्तानंतरचे आकाश लावले, चारही दिशांची अक्षरे क्षितिजावर दाखवली आणि मुलांना विचारले, ‘आता मी वेळ भराभर पुढे नेणार आहे, तारे कोणत्या दिशेने सरकतील ते आधी हाताने दाखवा.’ जवळजवळ सगळ्यांनी पूर्वेकडून पश्चिमेकडे हात फिरवला. वेळ धावू लागली, मृग नक्षत्र पूर्वेला उगवून वर चढले, त्याच्या मागून व्याध आला, आणि मुलांना आपला अंदाज बरोबर ठरल्याचे समाधान मिळाले. तेवढ्यात उत्तरेकडे तोंड करून बसलेली एक मुलगी म्हणाली, ‘ताई, इकडचे तारे उलटे चाललेत.’ ध्रुवताऱ्याच्या खालून, क्षितिजाला लागून जाणारे तारे खरोखरच पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत होते. निवेदिकेने लगेच स्पष्टीकरण दिले नाही. तिने वेळ थांबवली, सगळ्यांना उत्तरेकडे वळायला सांगितले आणि पुन्हा तेच दृश्य सावकाश चालवले. दोन-तीन मुलांनी वाद घातला, एकाने हवेत बोटाने वर्तुळ काढून दाखवले, आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे ही ओळ पाठ असलेल्या मुलांना पहिल्यांदाच जाणवले की तारे ध्रुवाभोवती वर्तुळे काढतात आणि त्या वर्तुळांचा जो भाग क्षितिजाच्या वर असतो तेवढाच आपल्याला दिसतो. सप्तर्षी आणि शर्मिष्ठा ध्रुवताऱ्याच्या समोरासमोर का असतात, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागले नाही.

हे काम वर्गातल्या सपाट पडद्यावर होत नाही. स्टेलॅरियम हे २००० सालापासून विकसित होत आलेले मोफत सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर सहज चालते आणि तारांगणाच्या लॅपटॉपवर दिसते त्यातले पुष्कळसे तेही दाखवते. पण सपाट पडद्यावर उत्तरेचे आकाश पाहताना दक्षिणेचे दिसत नाही. ते पाहायचे तर चित्र सरकवावे लागते आणि विद्यार्थी जागच्या जागी बसून राहतो. घुमटात त्याला स्वतःची मान वळवावी लागते, पाठीमागे काय चालले आहे हे पाहायला अंग फिरवावे लागते. दिशा, उन्नतांश (क्षितिजापासूनची अंशांतली उंची), खस्वस्तिक (बरोबर डोक्यावरचा बिंदू), याम्योत्तर वृत्त (उत्तर-दक्षिण दिशांना डोक्यावरून जोडणारे वर्तुळ) या सगळ्या संकल्पना शरीराच्या अशा हालचालींशी बांधलेल्या आहेत. उलट मंगळाची सुमारे २६ महिन्यांनी येणारी वक्री गती (ताऱ्यांच्या तुलनेत काही काळ उलटे सरकणे), किंवा सुमारे २६,००० वर्षांत पूर्ण होणारे परांचनाचे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डोलण्याचे, आवर्तन आणि त्यात कधीतरी ध्रुवाजवळ येणारा अभिजित तारा, हे विषय सपाट पडद्यावर तितकेच चांगले समजतात. आमच्या निवेदिकेने मंगळावर बरीच मिनिटे घालवली. तो वेळ मी अक्षांशाला दिला असता.

अक्षांशाचा भाग या कार्यक्रमाचा कळस ठरू शकतो. विषुववृत्तावर ध्रुवतारा क्षितिजाला टेकलेला असतो, तेथून उत्तरेकडे जाऊ लागले की तो वर चढतो, ३० अंश अक्षांशावर साधारण ३० अंशांवर येतो आणि उत्तर ध्रुवावर डोक्यावर पोहोचतो. तेथे एकही तारा उगवत नाही की मावळत नाही, सगळे क्षितिजाला समांतर फिरत राहतात. पुस्तकात हे एका वाक्यात लिहिलेले असते आणि विद्यार्थी ते एका वाक्यातच विसरतात. घुमटात जमीन न हलता आकाश उत्तरेकडून वर उचलले जाताना, आणि त्याच वेळी दक्षिणेचा अगस्त्य तारा क्षितिजाखाली बुडताना दिसला, की पृथ्वी गोल असल्याचा पुरावा मुलांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. विद्यार्थ्यांनी ‘अजून किती वर गेलो तर अगस्त्य दिसेनासा होईल?’ असा प्रश्न आपण होऊन विचारला, आणि ताऱ्याची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचे त्याचे अंशांतले अंतर) माहीत असेल तर हे गणित करता येते, असे निवेदिकेने सांगितले. आकृती काढायला वेळ उरला नव्हता, म्हणून ते गणित दुसऱ्या दिवशी वर्गात झाले.

येथे एक तांत्रिक अडचण नोंदवायला हवी, कारण ती माहीत नसेल तर शिक्षकाचीच फजिती होते. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशातले साधारण दहा अंश झाकते, ही युक्ती आम्ही मुलांना आधी शिकवली होती. घुमटात मुलांनी मुठीने ध्रुवताऱ्याची उंची मोजली, आणि उत्तरे जमेनात. कारण भूमितीचे आहे: घुमटावरचे आकाश केवळ मध्यबिंदूवरून पाहिले तरच कोन बरोबर दिसतात. डोळे घुमटाच्या कडेच्या पातळीत आहेत असे धरल्यास, ३० अंशांवर दाखवलेला तारा केंद्रापासून उत्तरेकडे अर्ध्या त्रिज्येवर बसलेल्या मुलाला सुमारे ५४ अंशांवर दिसतो, तर तितकाच दक्षिणेकडे बसलेल्याला केवळ २० अंशांवर. मोठ्या, स्थायी तारांगणातही हेच घडते. पाच मीटरच्या घुमटात मात्र मधली जागा प्रोजेक्टरने व्यापलेली असते, आणि मुले कडेलाच बसत असल्यामुळे जवळजवळ प्रत्येकाला चुकीचाच कोन मिळतो. यावर उपाय सोपा आहे. सॉफ्टवेअरमधली उन्नतांशांची जाळी चालू करायची आणि उंची तिच्यावर वाचायची. दहावीच्या आसपास त्रिकोणमिती शिकणाऱ्यांना हे ५४ आणि २० आकडे कोठून आले ते काढायला दिले, तर एक चांगला स्वाध्यायही मिळतो.

ऋतूंच्या बाबतीत घुमट आपली किंमत पुरेपूर वसूल करतो. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा, अशी समजूत हुशार विद्यार्थ्यांतही ठाण मांडून बसलेली असते, आणि पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, तर सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर असते, एवढे सांगून ती हलत नाही; मुले आकडे लिहून घेतात आणि समजूत तशीच ठेवतात. थेट सत्रात ३० अंश उत्तर अक्षांशावर सूर्याचा दिवसभराचा मार्ग तीन वेळा रेखाटला गेला. संपाताच्या दिवशी, म्हणजे दिवस-रात्र समान असताना, सूर्य नेमका पूर्वेला उगवला आणि दुपारी ६० अंशांवर पोहोचला. जूनमधील अयनदिनी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, तो पूर्वेच्या उत्तरेला जवळजवळ २७ अंश सरकून उगवला, दुपारी ८३ अंशांवर गेला आणि सुमारे चौदा तास क्षितिजावर राहिला. डिसेंबरमध्ये तो दक्षिणेकडे तितकाच सरकून उगवला, दुपारी ३७ अंशांच्या आतच राहिला आणि दहा तासांत मावळला. तिन्ही रेषा घुमटावर एकाच वेळी राहू दिल्या होत्या. पृथ्वीच्या अक्षाचा २३.४ अंशांचा कल या रेषांमधल्या अंतरात प्रत्यक्ष दिसतो, आणि मुलांनी ते अंतर स्वतः मोजले. जून महिन्यात ऊन अधिक का लागते याचे उत्तर देताना एका मुलाने ‘सूर्य जास्त वेळ असतो आणि वरून मारतो’ असे म्हटले. परीक्षेतल्या उत्तराला शोभणारी भाषा नव्हे, पण कारण मात्र पक्के समजले होते.

चंद्राच्या कलांच्या बाबतीत माझे मत इतके अनुकूल नाही. रोज सूर्यास्ताच्या वेळी चंद्र कोठे असतो, हे घुमटात छान दिसते: पहिल्या दिवसांची कोर पश्चिमेला, शुक्ल अष्टमीचा अर्धा चंद्र दक्षिणेच्या आसपास आणि पौर्णिमेचा पूर्वेला उगवताना, म्हणजे दररोज साधारण बारा-तेरा अंशांची चाल. पण कला का बदलतात, हे जमिनीवरच्या दृश्यातून उलगडत नाही. त्यासाठी अंधारा वर्ग, एक दिवा आणि काठीवर खोचलेला चेंडू अजूनही सर्वांत उपयोगी आहेत. पृथ्वीची सावली पडल्यामुळे कला दिसतात असे मानणारी मुले सत्रानंतरही तसेच मानत होती.

शिवाय चंद्राच्या आकाराचा एक घोळ आहे. आमच्या प्रोजेक्टरचे वर्तुळ १,०८० पिक्सेल व्यासाचे होते. १८० अंशांचे आकाश त्यात बसवले की एक पिक्सेल अंशाचा सहावा भाग व्यापतो, आणि चंद्राचा दृश्य व्यास अर्धा अंशच असल्यामुळे तो जेमतेम तीन पिक्सेलांचा ठिपका ठरतो. त्यावर कला दाखवणे अशक्य, म्हणून निवेदिका चंद्र अनेक पटींनी मोठा करून दाखवते, आणि तसे केले आहे हे सांगत नाही. परिणाम असा झाला की अमावास्येच्या दिवशी तो ताटाएवढा चंद्र सूर्याला झाकून बसला आणि एका मुलाने रास्त शंका काढली की मग दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही. याचे उत्तर चंद्राच्या कक्षेच्या सुमारे पाच अंशांच्या कलात आहे; पाच अंश म्हणजे चंद्राच्या खऱ्या व्यासाच्या दहापट, त्यामुळे तो बहुतेक वेळा सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. दहापट फुगवलेल्या चंद्रात हे अंतरच गिळले जाते. चंद्र मोठा करायला हरकत नाही, पण आधी खऱ्या आकारात दाखवून, ‘आता मोठा करते आहे’ असे सांगून करावा. ४,००० पिक्सेलांच्या आसपासची प्रणाली असेल तर ही अडचण सौम्य होते, संपत नाही.

चित्रपट आधी आणि तारे नंतर, हा क्रमही मला पटला नाही. मानवी डोळा अंधाराला पूर्णपणे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. झगमगीत चित्रपट पाहून आलेले डोळे ताऱ्यांच्या मंद ठिपक्यांसाठी तयार नसतात, आणि डोळे सरावेपर्यंत सत्र संपते. त्यात पांढऱ्या घुमटावर एका बाजूचा उजेड दुसऱ्या बाजूवर परावर्तित होत असल्यामुळे डिजिटल आकाश कधीच काळेभोर होत नाही, करडे राहते. सुईच्या टोकासारखे तारे आणि गडद पार्श्वभूमी पाहायची तर चांगला प्रकाशीय प्रक्षेपक असलेल्या मोठ्या तारांगणातच जावे लागते. तेथे आसनेही मागे कलणारी असतात. पण शाळेच्या गटाला हवे तेव्हा कार्यक्रम थांबवून प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य तेथे क्वचितच मिळते, आणि म्हणून करड्या आकाशासह फिरता घुमट मला शिकवण्यासाठी अधिक सोयीचा वाटतो.

करडेपणाची भरपाई म्हणून की काय, सेवेच्या मांडणीत ताऱ्यांची संख्या भरमसाट ठेवलेली होती आणि आकाशगंगेचा पट्टा छायाचित्रासारखा उजळ केलेला होता. अगदी निर्मळ, काळोख्या जागेवरूनही नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोन-तीन हजारांच्या आसपास तारे दिसतात. शहरातल्या मुलांना गच्चीवरून त्यांतले काही डझन दिसले तरी खूप. घुमटात हजारोंच्या गर्दीत ओळखायला शिकलेला मृग मुलांना रात्री प्रत्यक्षात सापडला तर सापडला. सॉफ्टवेअरमध्ये प्रकाशप्रदूषणाची पातळी बदलण्याची सोय असते. आधी शहरी आकाश लावून त्यातले ठळक तारे ओळखायला लावावेत आणि मग हळूहळू काळोख वाढवावा, असे आम्ही सुचवले. पुढच्या गटाला निवेदिकेने तसेच करून दाखवले, आणि तारे वाढत गेले तेव्हा चित्रपटाच्या वेळी ऐकू आले होते त्याहून मोठे ‘ओहो’ ऐकू आले.

निवेदिकेविषयी माझे मत एकंदरीत चांगले आहे. ती मुलांना उत्तरासाठी थांबू देते, चुकीच्या उत्तरावर हसू देत नाही, आणि लॅपटॉपवरचा तिचा हात सराईत आहे. सेवेसोबत येणारी छापील पुस्तिका मात्र निराशाजनक आहे. ग्रहांची नावे क्रमाने लिहा, सर्वांत मोठा ग्रह कोणता, असे पाठांतराचे प्रश्न तिच्यात आहेत, आणि ध्रुवतारा हा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा असल्याचे एका चौकटीत ठळक अक्षरांत छापले आहे. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध. ध्रुवतारा तेजस्वितेच्या क्रमवारीत पहिल्या चाळीसांतही येत नाही. त्याचे महत्त्व आहे ते तो पृथ्वीच्या अक्षाच्या उत्तर टोकाच्या रोखाने, ध्रुवबिंदूपासून एका अंशाच्याही आत आहे म्हणून. आम्ही पुस्तिका बाजूला ठेवली आणि त्याऐवजी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. त्यावर क्षितिजाचे वर्तुळ काढून, सत्राच्या आधी जूनच्या आणि डिसेंबरच्या सूर्योदयाची जागा अंदाजाने खुणावायची आणि सत्रानंतर वेगळ्या रंगाने दुरुस्त करायची, एवढेच काम होते. ते कागद पाहिल्यावर कोणाला काय समजले आणि काय नाही, हे कोणत्याही चाचणीपेक्षा स्पष्ट कळले.

घुमटाच्या आत जाण्याची वाट ही एक कापडी बोगदा असते आणि तिच्यातून वाकून, जवळजवळ रांगत जावे लागते. चाकाच्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्याला हे शक्य नाही. विचारल्यावर मागच्या बाजूची मोठी चेन उघडून रुंद दार करता येते असे कळले, पण हे सेवेने आपण होऊन सांगायला हवे होते. बंदिस्त अंधाराची भीती वाटणारी मुले प्रत्येक गटात एखाद-दुसरे असतेच. त्यांना दाराजवळ बसवावे. आकाश वेगाने फिरवताना काहींना गरगरते, आणि अशा वेळी डोळे मिटून घ्या ही सूचना निवेदिकेने आधीच दिली, हे चांगले झाले. वीज गेली तर पंखा थांबतो आणि घुमट सावकाश खाली बसू लागतो. त्यात धोका नाही, पण बाहेर पडण्याचा सराव मुलांकडून एकदा करून घेतलेला बरा.

तीस मुले एका गटासाठी फार होतात. वीस-बावीस असतील तर सगळ्यांना मध्याच्या जवळ बसता येते, कोन कमी बिघडतात आणि निवेदिकेला प्रत्येकाचे बोट कोणत्या दिशेला आहे ते दिसते. चित्रपट पूर्णपणे वगळून पाऊण तास थेट आकाशच द्यावे, त्यातली वीस मिनिटे अक्षांश आणि सूर्यमार्ग यांना द्यावीत, आणि शेवटची काही मिनिटे लॅपटॉप एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती देऊन इतरांनी सांगितलेले आकाश त्याला लावायला सांगावे, असे आम्ही सेवेला लेखी कळवले. त्यांची तयारी आहे. अडचण एकच सांगितली: पाऊण तास सलग बोलायचे तर निवेदिकेला दोन गटांच्या मध्ये विश्रांती लागेल, त्यामुळे एका दिवसात बसणाऱ्या गटांची संख्या घटेल आणि सगळ्या तुकड्यांसाठी घुमट आणखी एक दिवस उभा ठेवावा लागेल. सभागृह दोन दिवस अडकले तरी आम्हाला ते चालणार आहे, आणि पुढच्या सत्रासाठीची मागणी आम्ही त्याच अटीवर नोंदवली आहे.